काळी माती, खारं पाणी आणि माझा डावा डोळा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 26 जानेवारीच्या संध्याकाळी सभामंडपात दिलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी यात घातल्या आहेत.)



सचिवांनी मला सांगितलं की काका, तुम्ही बँकेत होता, तर निवृत्तीनंतरच्या पैशाच्या नियोजनावर बोला. मी म्हटलं, तेहतीस वर्षं लोकांच्या पैशावर बोललो, आता माझ्या छंदावर बोलू द्या. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. अट एकच, पाऊण तासाच्या वर जायचं नाही, कारण नंतर मसाला दूध आहे. तेव्हा मी घड्याळ समोर ठेवूनच उभा आहे.

विषय आहे निसर्गाचे फोटो. शेतशिवाराचे आणि समुद्राचे. आता कामरगावात बसून समुद्रावर बोलायचं म्हणजे हसू येणारच. पण ऐका तर खरं.

माझा पहिला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. डब्यासारखा काळा, एका रोलमध्ये बाराच फोटो. त्यात करण्यासारखं काही नव्हतं, ऊन असलं तर एक खूण, ढग असले तर दुसरी. बस्स. अमरावतीला बी.कॉम.ला असताना मामांनी दिला होता. सुट्टीत तो घेऊन मी आपल्या वावरात गेलो आणि धुऱ्यावर उभा राहून फोटो काढायला लागलो. शेजारच्या वावरातले एक म्हातारबुवा डवरा थांबवून बघत होते. म्हणाले, "काहून रे पोरा, काय फोटू काढतं? इथं तं काहीच नाई."

मंडळी, हे वाक्य मी आयुष्यभर विसरलो नाही. कारण रोल धुऊन आला तेव्हा म्हातारबुवांचं खरं निघालं. बाराही फोटोंत काहीच नव्हतं. वर पांढरं आभाळ, खाली करडी जमीन, मध्ये एक रेघ. डोळ्यांना जे भरून दिसलं होतं ते कागदावर रिकामं होतं. का, हे समजायला मला पुढची दहा-पंधरा वर्षं लागली.

पहिली चूक वेळेची. मी गेलो होतो दुपारी बाराला, कारण उजेड भरपूर असतो असा समज. डोक्यावरचा सूर्य जमिनीला इस्त्री करून टाकतो. नांगरटीचे तास, ढेकळं, बांधाची उंची, सगळं सपाट. तेच वावर सकाळी सूर्य वीतभर वर असताना बघा. प्रत्येक ढेकळाला स्वतःची सावली असते, प्रत्येक काकर वेगळी दिसते. उजेड बाजूने आला की जमीन उठून बसते. आपल्याकडे डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत, सह्याद्रीसारखे कडे नाहीत. आपल्याकडे जे आहे ते वीतभर उंचीचं आहे. ते दिसायचं असेल तर उजेडही वीतभर उंचीवरूनच यायला हवा.

इंग्रजी पुस्तकांत याला गोल्डन अवर म्हणतात, म्हणजे सोन्याचा तास. ती पुस्तकं लिहिणारे थंड मुलखातले. त्यांच्याकडे सूर्य तिरका तिरका, रेंगाळत मावळतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ, साधारण साडेवीस अक्षांशावर. आपला सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. त्या पुस्तकांत एक युक्ती असते: हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजा, एका बोटाला पंधरा मिनिटं धरा. मी ती युक्ती वापरली आणि दोन-तीन वेळा हात चोळत परत आलो. मग बँकवाल्याच्या सवयीने हिशेब मांडला. आपल्याकडे सूर्य तासाला सुमारे चौदा अंश खाली येतो. बोटाची जाडी साधारण दोन अंश. म्हणजे बोटाला आठ-नऊ मिनिटंच पडतात. आपला सोन्याचा तास जेमतेम पाऊण तासाचा. चार बोटं सूर्य उरला असताना घरी चहा घेत बसलात, तर वावरात पोचेपर्यंत दिवे लागलेले असतील.

दुसरा हिशेब सूर्य उगवण्याच्या जागेचा. आपण पूर्व म्हणतो, पण नेमका पूर्वेला सूर्य वर्षातून दोनदाच उगवतो. जूनमध्ये तो उत्तरेकडे सरकतो, डिसेंबरात दक्षिणेकडे. आपल्या गावी या दोन टोकांत सुमारे 50 अंशांचं अंतर पडतं. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे दहा अंश, तेव्हा पाच मुठी. संस्थेच्या गेटसमोरच्या त्या मोठ्या बाभळीच्या मागून सूर्य उगवताना फोटो हवा असेल, तर तो हवा त्या दिवशी मिळत नाही. बाभूळ हलत नाही. तुम्ही तरी हलायचं, नाहीतर तारखेची वाट बघायची. मी एका बाभळीसाठी फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत थांबलो आहे. आमच्या सौभाग्यवती समोरच बसल्या आहेत, त्या सांगतील. एवढी वाट त्यांनी माझ्या बढतीचीही बघितली नसेल.

दुसरी चूक, मी उभा होतो. माणूस उभ्याने फोटो काढतो, कारण तो उभा असतो, दुसरं कारण नाही. सपाट मुलखात उभ्याने काढलेल्या फोटोत पुढची जमीन म्हणजे नुसती मोकळी जागा. बसा, गुडघे दुखत असतील तर मोबाईल उलटा धरून जमिनीजवळ न्या. लगेच पुढचं हरभऱ्याचं रोप मोठं होतं, त्याच्यावरचं दव दिसतं, मग मागे बैलगाडी, मग झाडांची ओळ, मग आभाळ. जवळचं, मधलं, लांबचं असे तीन मजले मिळाले की कागदावर खोली येते. आणि आभाळ चांगलं असेल, जूनमधले काळे ढग असतील, तर क्षितिज खाली घ्या, दोन भाग आभाळाला द्या. आभाळ कोरं असेल तर क्षितिज वर न्या. क्षितिज नेमकं मधोमध ठेवलं की डोळ्याला कळत नाही की साहेबांना दाखवायचं काय आहे.

तिसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण आपल्या मातीशी संबंधित आहे म्हणून सांगतो. कॅमेरा असो की मोबाईल, त्यातला उजेड मोजणारा भाग समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतो. त्याला माणसाचा चेहरा कळू लागला आहे म्हणतात, पण माती अजून कळत नाही. तुम्ही काळ्याभोर कपाशीच्या जमिनीवर कॅमेरा धरला की तो म्हणतो, फार अंधार आहे, वाढवा उजेड. आणि आपली काळी माती राखेसारखी करडी येते. माझे पहिले बाराही फोटो तसेच होते. पावसाने भिजलेली काळी जमीन काळी हवी असेल तर उजेड मुद्दाम एक पायरी कमी करावा लागतो. मोबाईलवर बोट टेकवलं की बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते खाली ओढा. समुद्राच्या फेसाला याच्या उलट. फेस पांढरा, कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड झाला, तो दाबतो, आणि फेस धुण्याच्या पाण्यासारखा मळकट येतो. तिथे एक पायरी वाढवायची.

सोयाबीन सप्टेंबरात पिवळं पडतं, तुरीला थंडीच्या तोंडाशी पिवळी फुलं येतात, पऱ्हाटी फुटली की वावर पांढरं होतं, फाल्गुनात पळस. आपल्या तालुक्यात कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे. तिथे गेलात तर काळवीट जवळून टिपण्यापेक्षा मोठ्या माळावर एवढंसं काळवीट असा फोटो काढून बघा. माळाची लांबी त्या ठिपक्यामुळे कळते. आणि कृपा करून गाडीतून उतरून त्यांच्यामागे धावू नका.

आता आपल्या संस्थेचा फोटो. 1998 च्या जुलैत वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांत ही जागा आपण घेतली. पहिल्या वर्षी मी सुट्टीवर आलो तेव्हा इथे प्लॉटचे दगड, कुंपणाच्या बाभळी आणि एक विहीर एवढंच होतं. विहिरीच्या काठावरच्या एका दगडावर मी ट्रायपॉड लावला आणि एक फोटो काढला. पुढच्या वर्षी त्याच दगडावरून पुन्हा. मग सवयच झाली. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळी आठ, तोच दगड, तीच उंची. या स्मरणिकेत त्यातले सहा छापले आहेत. कला म्हणून त्यात काही नाही. पण प्लॉट नंबर सातच्या वहिनींनी परवा ते बघितले आणि चौथ्या फोटोवर बोट ठेवून गप्प बसल्या. त्यात त्यांच्या घराचा स्लॅब पडतो आहे, आणि स्लॅबवर डोक्याला पंचा बांधून भाऊसाहेब उभे आहेत. भाऊसाहेब आपल्यातून गेल्याला आता आठ वर्षं झाली. मी फोटो काढला तेव्हा वर कोणी उभं आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं. मी घराची रेघ सरळ करण्यात गुंतलो होतो.

आता समुद्र.

1985 मध्ये बँकेने मला अधिकारी केलं आणि बक्षीस म्हणून श्रीवर्धनला टाकलं. वऱ्हाडचा माणूस, समुद्र सिनेमात बघितलेला. आमच्या आईला वाटलं पोराला काळ्या पाण्यावर पाठवलं. तिथे गेल्यावर मुंबईहून मी जुना पेंटॅक्स के-1000 आणवला. सगळं हाताने करायचा, दणकट कॅमेरा. रविवार आला की मी, आमचा मोठा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा, आणि सौ., असे एस.टी.ने हरिहरेश्वरला जायचो.

हरिहरेश्वरला जे गेले असतील त्यांना माहीत आहे. देवळामागे प्रदक्षिणेचा मार्ग आहे. दगडाच्या चिरेतून पायऱ्या उतरल्या की खाली खडकांचं मोठं आवार, लाटांनी कोरून कोरून जाळीदार झालेलं. एवढी सुंदर जागा फोटोसाठी दुसरी नसेल. आणि एवढी धोक्याचीही. भरतीच्या वेळी तो मार्ग पाण्याखाली जातो, माणसं वाहून गेली आहेत.

डिसेंबर महिना. सौ. वर देवळात थांबल्या, त्यांचा उपास होता. मी मुलाला घेऊन खाली उतरलो. खडकांत साचलेल्या पाण्यात मावळतीचं आभाळ दिसत होतं, मला ते हवं होतं. ट्रायपॉड लावला. मुलाच्या हातात सामानाची पिशवी दिली आणि म्हटलं, हलू नकोस. मी भिंगातून बघत होतो. भिंगातून बघणाऱ्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं मला आढळलं नाही. पाणी दोन वेळा पावलांपर्यंत येऊन गेलं, मला ते फोटोसाठी चांगलंच वाटलं. तिसरी लाट गुडघ्यापर्यंत आली. लाट येण्याने काही होत नाही हो, ती परत जाते तेव्हा ओढते. ट्रायपॉड आडवा झाला, मी बसलो, आणि मागे वळून बघतो तर मुलगा जागेवर नाही.

एक अनोळखी गृहस्थ, तिथलेच मासेमारी करणारे, वरून ओरडत येत होते. ते मला ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी मुलाला काखेत धरलं होतं. आम्ही उतरलो होतो ती वाट पाण्याखाली गेली होती. त्यांनी आम्हाला खडकाच्या वरच्या कडेने, हाताला धरून, बाहेर काढलं. ट्रायपॉड गेला. गळ्यातल्या कॅमेऱ्यात खारं पाणी शिरलं, तो पुन्हा चालू झाला नाही. मुलगा रडत नव्हता. त्याने फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, पिशवी सुटली." तो पिशवी सांभाळत होता. मी सांगितलं होतं ना, म्हणून.

त्या गृहस्थांनी मला विचारलं, "साहेब, आज तिथी कोणती?" मला कुठली माहीत. वरून सौ. म्हणाल्या, "एकादशी." आणि पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

त्या माणसाने मला जे गणित सांगितलं ते मी आज तुम्हाला देतो. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. एकादशी म्हणजे अकरा, त्याची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, त्याआधी सहा-सव्वासहा तास, म्हणजे दुपारी दोनच्या सुमारास ओहोटी. मी सहा वाजता तिथे उभा होतो तेव्हा पाणी चार तास चढत होतं. कारण साधं आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तिथीही चंद्रावरच चालते, दोन्हीचा मेळ बसतो. शाळेत मुलं कंटाळून पाऊणकी पाठ करायची, तिचा इथे असा उपयोग.

यावरून मी पुढे एक तक्ता केला. शुद्ध पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंत संध्याकाळी सूर्यास्ताला पाणी ओसरत असतं. नवमीपासून चतुर्दशीपर्यंत चढत असतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण सव्वाअकराला, म्हणजे सूर्यास्ताच्या थोडं आधी पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं, खडक उघडे पडतात. फोटोला याहून चांगली वेळ नाही. पण उधाण जसं आत जातं तसं जोरात परत येतं, म्हणून अंधार पडायच्या आत निघायचं. हे गणित मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचं आणि ढोबळ आहे. आता मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते बघाच. पावसाळ्यात तर खडकावर जाऊच नका.

हे सगळं आज इतक्या तपशिलाने सांगतो आहे त्याला कारण आहे. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला, 2025 च्या जूनमध्ये पूर्ण 701 किलोमीटर. आपल्या संस्थेतली तरुण मंडळी आता शुक्रवारी रात्री निघतात आणि शनिवारी कोकणात असतात. त्यांचे फोटो मी बघतो. पाठ समुद्राकडे, हात लांब केलेला, आणि मागे लाट. माझ्या अंगावर काटा येतो. समुद्राकडे पाठ करायची नाही. खडक ओला असेल तर तिथे लाट येऊन गेली आहे आणि पुन्हा येणार आहे, हे समजायचं. जागा निवडण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून लाटा मोजायच्या. आणि लहान मुलांच्या हातात आपली पिशवी द्यायची नाही.

नवा कॅमेरा घ्यायला मला चार वर्षं लागली. सौ.नीच घेऊन दिला, एक बांगडी मोडून. हे त्यांनी मला आज सांगू नका म्हणून बजावलं होतं.

पाण्याचा फोटो म्हणजे वेळेचा खेळ. कॅमेऱ्याची खिडकी सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढी उघडली तर लाटेचा थेंब न् थेंब काचेसारखा गोठतो. अर्धा सेकंद उघडी ठेवली तर परतणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा उमटतात, ओढ दिसते. मला हाच वेग सगळ्यात खरा वाटतो, का ते तुम्हाला आता समजलं असेल. अर्धा मिनिट उघडी ठेवली तर लाटा नाहीशाच होतात, खडकांभोवती नुसतं धुकं राहतं. ते दिसतं सुंदर, पण त्यात समुद्र निरुपद्रवी वाटतो. भरदिवसा एवढा वेळ खिडकी उघडी ठेवायची तर भिंगापुढे काळी काच लागते. दहा पायऱ्यांची काच म्हणजे दर पायरीला उजेड निम्मा, दहा वेळा निम्मा, म्हणजे हजारावा भाग. तीसाव्या भाग सेकंदाचं काम अर्ध्या मिनिटावर जातं. बँकेतल्या चक्रवाढीसारखंच, फक्त उलटं. ही काच महाग असते. मी आपल्या इथल्या वेल्डिंगच्या दुकानातून वेल्डरच्या मुखवट्याची काच आणली आणि रबराने भिंगाला बांधली. चालते. फोटो हिरवागार येतो, म्हणून कृष्णधवल करून टाकायचा.

समुद्र आणि आभाळ एका फोटोत नीट येत नाही ही अडचण फार जुनी आहे. फ्रान्समध्ये 1850 च्या दशकात गुस्ताव्ह ले ग्रे नावाचे छायाचित्रकार होते. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा उजेड फार लवकर लागायचा, त्यामुळे पाणी बरोबर आलं की आभाळ पांढरं फट्ट. त्यांनी आभाळासाठी एक प्लेट आणि पाण्यासाठी दुसरी अशा दोन घेतल्या आणि क्षितिजाच्या रेघेवर जोडून छापल्या. तुमचा मोबाईल आज एका झटक्यात तीन-चार फोटो घेऊन हेच करतो. तेव्हा फोटोत फेरफार नको, पूर्वी सगळं खरं होतं, असं म्हणणाऱ्यांना हे सांगावं. उलटही होतं. 2020 च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आपल्याच ग्रुपवर कितीतरी जण म्हणाले, रंग भरला आहे. नव्हता भरलेला. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं.

रंगावरून आता शेवटची गोष्ट. ही सांगायची की नाही यावर मी आठवडाभर विचार केला.

आपल्या गणेशोत्सवात तीन वर्षांपूर्वी मी बारा मोठे फोटो लावले होते, आठवत असेल. तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. त्याआधी घरी आमच्या सूनबाईंनी ते संगणकावर बघितले होते आणि हळूच म्हणाल्या होत्या, "बाबा, हल्ली तुमचे फोटो फार निळे येतात. तूर हिरवट दिसते." मला राग आला. मी म्हटलं, बाई, मी चाळीस वर्षं हे करतो आहे, मला तुरीचा रंग शिकवू नका. त्या काही बोलल्या नाहीत. चहाचा कप उचलून आत गेल्या. मी ते बारा फोटो तसेच छापून आणले.

पुढच्या मार्चमध्ये उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसलो होतो. सहज एक डोळा झाकला, मग दुसरा. मंडळी, मी हादरलो. नव्या डोळ्याने भिंत पांढरी, जुन्या डोळ्याने तीच भिंत जुन्या कागदासारखी पिवळट. डॉक्टरांनी सांगितलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, निळा रंग आत येऊ देत नाही, आणि हे इतकं सावकाश होतं की माणसाला कळत नाही. फ्रान्सचे मोठे चित्रकार मोने, त्यांचंही असंच झालं होतं, 1923 मध्ये ऑपरेशन झालं.

मी घरात येऊन संगणक उघडला. डावा डोळा झाकून, उजव्याने बघितलं. माझी तूर हिरवी, गहू शाईत बुडवल्यासारखा, आणि आपल्या गेटसमोरची बाभूळ निळीशार. मला सगळं पिवळं दिसायचं, म्हणून मी दोन वर्षं प्रत्येक फोटोत निळा रंग ओतत होतो. आणि तुम्ही सगळ्यांनी भिडेखातर छान छान म्हटलं होतं. एकटी सूनबाई खरं बोलल्या होत्या.

त्याहून वाईट असं की मी मूळ फोटो ठेवलेच नव्हते. सुधारलेला फोटो त्याच नावाने जतन करायचो, जागा वाचते म्हणून. बँकेत कोणी मूळ व्हाउचर फाडून टाकलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. त्यात आमच्या धाकट्या नातवाचं बारसं होतं. विहिरीच्या दगडावरून काढलेले दोन डिसेंबरचे फोटो होते.

संध्याकाळी मी सूनबाईंना बोलावलं आणि म्हटलं, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. त्या आत गेल्या आणि एक छोटी काळी डिस्क आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही कॅमेऱ्याचं कार्ड संगणकाला लावलं की त्याच रात्री मी आधी यात उतरवून घेत होते. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही." दोन वर्षांचे सगळे मूळ फोटो त्यात होते. तूर पिवळी होती.

या स्मरणिकेत आपल्या संस्थेचे जे सहा फोटो आहेत, त्यातले शेवटचे दोन त्या डिस्कमधले आहेत. फोटोखाली माझं नाव छापलं आहे, ते मी संपादक मंडळाला सांगून दुरुस्त करायला लावलं होतं, पण छपाई झाली होती. तेव्हा इथेच सांगतो, ते दोन फोटो आम्हा दोघांचे आहेत.

माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, पुढच्या महिन्यात आहे. तोवर रंग बघण्याचं काम सूनबाईंकडे.

पाऊण तास झाला, दूध उकळल्याचा वास येतो आहे. ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांनी रविवारी पहाटे सहाला गेटपाशी यावं. सध्या सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी अर्धा तास हरभऱ्याच्या वावरात दव असतं आणि पलीकडच्या नाल्यावर थोडं धुकं. मोबाईल चालेल, भिंग मात्र धोतराच्या सोग्याने, नाहीतर ओढणीने पुसून आणा, निम्मे फोटो बोटाच्या तेलानेच बिघडतात. पायात बूट घाला. लहान मुलं आली तर त्यांच्या आईवडिलांनीही यावं. पिशवी मी माझी मीच धरीन.